फोनवरून मनाचे उपचार: ठाणे-नवी मुंबईच्या वस्त्यांत आणि पाड्यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे स्टोअर, वागळे इस्टेट आणि तिकडे शहापूर-मुरबाडचे पाडे, कुठेही मानसिक आरोग्यावर बोलायला बसलं की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न सगळे उठून गेल्यावर, बाजूला घेऊन विचारले जातात. म्हणून ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवतो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. फोनवरची सेवा चांगली आहे आणि ती वाढायलाच हवी. पण ती माणसापर्यंत खरोखर पोचते ती फोनच्या अलीकडच्या बाजूला कोणीतरी ओळखीचं, विश्वासाचं माणूस उभं असेल तेव्हाच.

कोणी जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात असेल, किंवा काही खाल्लं-प्यायलं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ वर ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा ११२ लावा, आणि त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका.

१४४१६ लावल्यावर नेमकं काय होतं?

हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य संस्था आहे. नंबर चोवीस तास चालू असतो आणि फोनचे पैसे लागत नाहीत. आधी भाषा निवडायला सांगतात, मग फोन आपल्या राज्यातल्या केंद्रावरच्या समुपदेशकाकडे जातो. ते वय, गाव, काय होतंय, कधीपासून होतंय, झोप-जेवण कसं आहे असं विचारतात. बोलण्याने भागण्यासारखं असेल तर तेच बोलतात आणि पुन्हा कधी फोन करायचा ते ठरवतात. आजार जास्त वाटला तर पुढच्या पायरीवर मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जायला सांगतात.

काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवायची गरज नाही. 'मला झोप लागत नाही' एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं विचारून घेणं हे त्यांचं काम आहे.

ठाण्यात एवढं मोठं मनोरुग्णालय आहे. मग फोन कशाला?

रुग्णालय आहे हे खरं. १९०१ सालचं आहे. पुणे, नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं हे एक. पण डोळखांबकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी जीपने शहापूर गाठावं लागतं. मग आसनगाव स्टेशन, मग लोकल, मग ठाण्याहून रिक्षा. पेशंटबरोबर एक धडधाकट माणूस लागतो. दोघांची दिवसाची मजुरी बुडते, घरी लहान पोरं शेजारणीवर टाकावी लागतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हेच. दोन-तीन खेपांनंतर लोक यायचे बंद होतात. त्यांना 'औषध सोडणारे' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

दुसरं कारण अंतराचं नाही. मुंबई-ठाण्याकडे कोणाला वेड्यात काढायचं असलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. वागळे इस्टेटमधून चालत रुग्णालयात जाता येईल, पण तिथल्याही माणसाला त्या फाटकातून आत शिरताना कोणी ओळखीचं बघत तर नाही ना, अशी धाकधूक असते. फोनला फाटक नसतं.

आणि मूळ दुखणं आहे तज्ज्ञांच्या तुटवड्याचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की उपचारांची गरज असलेल्या शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांना, आजारानुसार कमी-जास्त, उपचार मिळतच नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पडत नाही, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. ठाण्याच्या घोडबंदर रोडला किंवा वाशी-नेरुळला खासगी दवाखाने भरपूर सापडतील. दिघ्याच्या डोंगरावरच्या इलठणपाड्यात सापडणार नाहीत. दोन्ही ठिकाणं त्याच पट्ट्यातली आहेत.

आमच्याकडे एकच खोली आणि सहा माणसं. बोलायचं कुठे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. फोनवरच्या उपचारांची आखणी करणाऱ्यांनी सगळ्यात कमी विचार केलाय तोही याचाच. 'शांत, खासगी जागेत बसा' अशी सूचना सगळीकडे असते. दहा बाय दहाच्या खोलीत ती जागा कुठून आणायची?

लोक मार्ग काढतात. तुर्भ्याची एक ताई नवऱ्याची रिक्षा दुपारी उभी असते तेव्हा तिच्यात बसून बोलते. मागचे दोन्ही पडदे सोडते, मांडीवर निवडायची भाजी ठेवते. कोणी डोकावलंच तर माहेरी फोन चाललाय असं वाटतं. वागळे इस्टेटमधला एक पोरगा कारखान्याच्या गच्चीवर जेवणाच्या सुट्टीत बोलतो. कोणी पाण्याच्या रांगेला जायच्या वाटेवर बोलतं, कोणी कपडे वाळत घालताना.

काही गोष्टी मी सगळ्यांना सांगतो. हेडफोन लावा, म्हणजे निदान पलीकडचं कोणाला ऐकू जाणार नाही. सुरुवातीलाच समुपदेशकाला सांगा: 'आजूबाजूला माणसं आहेत, मला हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा.' त्यांना हे समजतं आणि ते तसे प्रश्न विचारतात. कोणी अचानक आलं तर काय म्हणायचं ते त्यांच्याशी आधी ठरवा. 'नंतर रेशनचं बघते' असं काहीही चालेल. ते ऐकलं की त्यांनी विषय बदलायचा किंवा फोन ठेवायचा.

खरा उपाय मात्र वस्तीत एक खोली मिळण्याचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

फोन नवऱ्याकडे असतो. मी काय करू?

आशाताईच्या, अंगणवाडीताईच्या किंवा भरवशाच्या मैत्रिणीच्या फोनवरून करा. बोलणं झालं की कॉलची नोंद काढून टाका आणि समुपदेशकाला 'तुम्ही स्वतःहून या नंबरवर फोन करू नका' असं आधीच बजावा. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइनही आहे. मारहाण सुरू असताना 'मन खंबीर ठेवा' हा सल्ला कोणी दिला तर तो सल्ला चुकीचा आहे, तुम्ही नाही.

पलीकडे डॉक्टर नसतो म्हणे. साधा समुपदेशक काय करणार?

बरंच काही. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं. अंथरुणातून उठून दिवसातलं एखादं काम पुन्हा कसं सुरू करायचं, कोणाला भेटायचं, अडचण सोडवायला पहिलं पाऊल कोणतं, अशा साध्या गोष्टींवर भर होता. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेली माणसं होती, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्यांना चांगला फरक पडला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तिथे बोलणं समोरासमोर होतं. फोनवर किंवा व्हिडिओवर केलेलं समुपदेशनही नैराश्य आणि चिंतेच्या आजारांत चांगलं काम करतं, असं बाकीच्या देशांतल्या अनेक अभ्यासांत दिसलंय.

औषध लिहून द्यायचा अधिकार मात्र समुपदेशकाला नसतो. तो डॉक्टरचाच.

मग फोनवर गोळ्या लिहून मिळतात की नाही?

मिळतात, पण सगळ्या नाही. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांची, नियमावली काढली. तिच्यात औषधांचे गट पाडले आहेत. काही औषधं नुसत्या फोनवर लिहिता येतात. काहींसाठी पहिल्या वेळी व्हिडिओवर बघावं लागतं. काही फक्त आधीपासून चालू असलेल्या उपचारांत पुढे नेता येतात. आणि काही अजिबात देता येत नाहीत, त्यांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं आहेत. झोपेच्या आणि घबराटीच्या नेहमीच्या ऐकण्यातल्या कित्येक गोळ्या त्याच कायद्यात मोडतात. म्हणून डॉक्टर फोनवर त्या देत नाहीत म्हणून रागावू नका. त्यांची सवय लागते आणि मग सुटता सुटत नाही. शेजारणीच्या डब्यातली 'झोपेची अर्धी गोळी' घेऊ नका, हेही यातच आलं.

चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आली तरी ती ग्राह्य असते. फक्त तिच्यावर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख हवी. काही मेडिकलवाले मोबाइलमधली चिठ्ठी बघून मान हलवतात. अशा वेळी झेरॉक्सच्या दुकानातून छापून न्या, वाद घालण्यात गोळी चुकवू नका. जनऔषधी केंद्रात नैराश्याची नेहमीची औषधं बरीच स्वस्त पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं पडणं, अस्वस्थता असा त्रास आधी दिसतो आणि फायदा मागाहून. बरोबर याच आठवड्यात लोक औषध सोडतात. समोर बसलेला डॉक्टर चेहरा बघून ओळखतो, फोनवरच्याला ते दिसत नाही. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा तरी कोणीतरी दारात जाऊन विचारायला हवं: गोळी घेतलीस का, त्रास होतोय का, डॉक्टरला पुन्हा फोन लावू का? आशाताईंचं हे दोन मिनिटांचं विचारणं आणि पलीकडचा मोठा डॉक्टर, दोन्ही सारखेच लागतात असं मी म्हणेन. आणि बरं वाटायला लागल्यावर औषध एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं.

फोनवर काय होऊच शकत नाही?

हा प्रश्न लोक फारसा विचारत नाहीत. विचारायला हवा.

माणूस पहिल्यांदाच कानात आवाज येतात म्हणू लागला, कोणी मागावर आहे म्हणून घाबरून दार लावून बसला, रात्र-रात्र न झोपता बडबडू लागला, तर त्याला प्रत्यक्ष तपासायला हवं. कधी यामागे ताप, मेंदूला सूज, फिट, डोक्याला मार अशी शरीरातली कारणं असतात आणि ती फोनवर कळत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला तर तो मनाचा आजार समजू नका, आधी रुग्णालयात न्या. थायरॉइड बिघडलं, रक्त फार कमी झालं, बी-१२ उतरलं तरी माणूस गळून जातो, रडवेला होतो, कशात लक्ष लागत नाही. त्याला रक्ताची तपासणी लागते. लिथियम किंवा क्लोझापिन ही मनाच्या आजारांवरची औषधं चालू असलेल्यांना तर ठरावीक काळाने रक्त तपासावंच लागतं. आणि गरोदर बाईने मनाचं कुठलंही औषध फोनवर परस्पर चालू-बंद करू नये.

दारूचं वेगळं सांगतो, कारण आपल्या भागात त्याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. रोज पिणाऱ्या माणसाची दारू 'जिद्दीने' एका रात्रीत सोडवायला जातात. पुढच्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, भिंतीवर किडे दिसतात. यात माणूस दगावू शकतो. अशी लक्षणं दिसली की फोनवर सल्ला घेत बसायचं नाही. ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जायचं.

नवरा मार्केटला माथाडी आहे, रोज पितो. तो फोन करणार नाही. मी त्याच्यासाठी केला तर चालतो का?

चालतो, आणि करा. घरच्यांनी केलेला फोनही ते घेतात. ते त्याला फोनवरून बरं करणार नाहीत, पण त्याच्याशी कोणत्या वेळी बोलायचं, काय बोलायचं नाही, उपचारांना तयार झाला तर कुठे न्यायचं, हे सांगतील. वाशीच्या एपीएमसीत रात्रभर गोण्या उचलून पहाटे घरी येणाऱ्या माणसाची झोप, पाठदुखी आणि दारू एकमेकांत गुंतलेली असतात. त्याला 'व्यसनी' म्हणून हाक मारली की तो दार लावून घेतो. 'पाठ दाखवायला चल' म्हटलं तर येतो. मी तरी पाठीपासूनच सुरुवात करतो. आणि तुमचं स्वतःचं काय चाललंय तेही त्याच फोनवर सांगा. बायका बहुधा ते सांगायचं विसरतात.

घरचे म्हणतात आईला बाहेरचं आहे. भगताकडे चाललेत. मी भांडू का?

भांडू नका. भगताकडे नेणारी माणसं आईवर माया असल्यानेच नेतात. देवाला नारळ फोडायचा तर फोडू द्या, अंगारा लावायचा तर लावू द्या, त्याने औषधाला बाधा येत नाही. दोन गोष्टींवर मात्र ठाम राहा: चालू औषध थांबवायचं नाही, आणि आईला कोणी मारणार नाही, साखळीने बांधणार नाही, चटके देणार नाही, उपाशी ठेवणार नाही. असं करणं २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शहापूरकडे एका पाड्यावर भगतालाच जवळ बसवून फोनवरच्या डॉक्टरांशी बोलायला लावलं होतं. 'मी माझं करतो, तुम्ही तुमचं करा' असं तो म्हणाला. त्यानंतर बाईची गोळी चुकली नाही, कारण ती घ्यायला तोच सांगायचा.

मराठी-हिंदी धड येत नाही. चालेल?

टेलिमानसवर वीस भाषा आहेत. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू त्यात आहेत, तेव्हा तुर्भ्याच्या दगडखाणींवरच्या बऱ्याच घरांचं काम भागतं. कातकरी किंवा वारली बोली मात्र नाही, आणि मराठी असली तरी पुस्तकी मराठीत विचारलेलं 'आपली मनःस्थिती कशी आहे' कातकरी आजीला कळत नाही. 'जीवाला कसं वाटतं, भाकर गोड लागते का, पोरांचा राग येतो का' असं विचारलं की ती भडाभडा बोलते. बोली येणाऱ्या मुलीला फोनशेजारी बसवून काम होतं. फक्त घरातल्याच माणसाला दुभाषा करू नका. सुनेचं दुःख सासूने भाषांतर करून सांगितलं तर काय पोचेल?

पाड्यावर रेंजच नाही.

व्हिडिओचा हट्ट सोडा, साधा फोन पुरे. रेंज येते त्या वळणावर, टेकाडावर ठरल्या वेळी जायचं, म्हणजे निदान फोन अर्ध्यात तुटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलता येतं, तिथे बरोबर नर्स असते, रक्तदाब-वजन बघता येतं. मला ती सोय फोनपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

कातकरी कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की ती वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या सात-आठ महिन्यांत पाड्यावरचं कार्ड, पाड्यावरची आशाताई, सगळं मागे राहतं. फोन नंबर तेवढा बरोबर जातो, म्हणून निघायच्या आधी चिठ्ठीचा फोटो, औषधाचं नाव आणि डोस मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात चेन्नईच्या स्कार्फ या मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेने एका बसमध्येच तपासायची खोली आणि औषधांचं कपाट केलं. डॉक्टर चेन्नईहून पडद्यावर बोलतात आणि गोळ्या त्याच बसमधून मिळतात. अशी एक बस शहापूर-मुरबाडला आठवडी बाजाराच्या दिवशी उभी राहिली तर किती घरांची खेप वाचेल! जिल्हा नियोजनात हे मागायला हवं, आणि मागणी ग्रामसभेतून गेली तर तिला वजन येईल.

फोन केला तर उचलून नेऊन आत टाकतील का? पोलीस केस होईल का?

नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होतो आणि स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तरच जवळच्या माणसाच्या अर्जावर, दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल करता येतं. त्याची खबर या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते.

जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. रुग्णालयात नोंद होते, पोलीस येऊन जबाब घेतात, हे होतं. त्याला घाबरून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

सगळं रेकॉर्ड होतं का? कंपनीत कळेल का?

उपचारांची माहिती गुप्त ठेवणं त्याच कायद्याने बंधनकारक आहे. ती कंपनीला, शाळेला, सोसायटीला परस्पर देता येत नाही. जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरता अपवाद आहे. पूर्ण नाव सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. खासगी डॉक्टर किंवा समुपदेशक कॉल रेकॉर्ड करत असेल तर तुमची परवानगी हवी. 'रेकॉर्ड होतंय का?' असं थेट विचारायला लाजू नका.

खरं तर माहिती बाहेर फुटते ती बहुतेक वेळा यंत्रातून नाही, ओळखीच्या माणसाच्या तोंडून. म्हणून आशाताई असो की मंडळाचा कार्यकर्ता, मदत करणाऱ्याने कोणाचं काय चाललंय हे घरीसुद्धा बोलायचं नाही.

खर्च किती?

टेलिमानस आणि ई-संजीवनी फुकट. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, ठाण्याचं मनोरुग्णालय त्यात येतं. महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, तिथे केसपेपरचे वगैरे पैसे लागू शकतात. खासगीत एका बैठकीला दिवसाच्या मजुरीहून जास्त मोजावे लागतात.

सरकारीच्या बाहेर, पण माफक पैशांत किंवा फुकट बोलायचं तर ठाण्यातच आयपीएच आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची संस्था आहे आणि तिची 'मैत्र' ही हेल्पलाइन मराठीत आहे. देवनारच्या टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) 'आयकॉल' ही फोनवरच्या समुपदेशनाची सेवा २०१२ पासून चालू आहे.

इन्स्टाग्रामवरची 'ऑनलाइन थेरपिस्ट' खरी की खोटी, कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक विचारा. डॉक्टरकडे मेडिकल कौन्सिलचा असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा. टाळाटाळ केली तर फोन ठेवा. 'दहा बैठकांचं पॅकेज आजच घ्या, उद्या दर वाढेल' असं म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

मोबाइलमधल्या चॅटबॉटशी बोललं तर?

रात्री दोन वाजता मन हलकं करायला ठीक. आजार ओळखायला, औषध ठरवायला किंवा जिवाचा विचार येत असताना नाही. रात्री दोनला १४४१६ वरही माणूस असतो.

मुलगा दहावीला आहे, खोलीतून बाहेर येत नाही.

आधी तुम्ही फोन करा, मग त्याला विचारा. लहान मुलाशी डॉक्टरांनी बोलायचं तर मोठ्या माणसाने बरोबर असावं असा नियम आहे, पण पालकाने सतत मध्ये उत्तरं देऊ नयेत. दहा मिनिटं दाराबाहेर थांबा.

एकदा फोन केला, काही उपयोग झाला नाही.

होतं असं. समुपदेशक घाईत असतो, कधी नुसतंच 'सकारात्मक विचार करा' म्हणतो. तेव्हा मन खट्टू होणं साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी पुन्हा करा, बहुधा दुसरं कोणी भेटेल. सुरुवातीला सांगा: 'काल बोललो होतो, फायदा झाला नाही, मला डॉक्टरांशी बोलायचंय.' ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

या सेवांवर काम करणाऱ्यांनाही विनंती आहे. फोन किती आले हे मोजलं जातं. त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा फोन केला आणि किती जणांच्या हातात औषध पडलं, हे वस्तीवार मोजा. दिघ्याचा आकडा घोडबंदरच्या आकड्याबरोबर मिसळला की दिघा दिसेनासा होतो.

आमचं मंडळ आहे, सोसायटी आहे. आम्ही काय करू शकतो?

एक खोली द्या. गणेशोत्सव मंडळाचं कार्यालय, समाजमंदिर, बुद्धविहार, मशिदीशेजारचा वर्ग, शाळेची बंद पडलेली खोली, काहीही चालेल. आठवड्यातून दोन दुपारी, दोन ते पाच. त्या वेळी बायका मोकळ्या असतात. संध्याकाळचा एक वार कामावरून येणाऱ्या पुरुषांसाठी ठेवा. आतून कडी लागली पाहिजे, खिडकीला पडदा हवा, एक पंखा आणि चार्जर हवा. पंख्याचा आवाज बाहेर बोलणं ऐकू जाऊ देत नाही, म्हणून तो जुना असला तरी हरकत नाही. दारावर 'मानसिक आरोग्य' असं काही लिहू नका. 'आरोग्य सल्ला' लिहा आणि त्याच खोलीत रक्तदाब, साखरही तपासा, म्हणजे आत कोण कशासाठी गेलं ते कोणालाच कळणार नाही.

फोन साधा पुरेल, पण सिम मंडळाच्या नावाचं असावं, कोणा कार्यकर्त्याचं नको. दाराशी बसायला वस्तीतलीच पण गप्पिष्ट नसलेली बाई शोधा आणि तिला मानधन द्या. फुकट काम करून घेतलं तर दोन महिन्यांत ती दुसरीकडे धुण्या-भांड्याला जाईल, आणि तिचं बरोबर असेल. तिच्याजवळ एक वही असू द्या. त्यात नाव नको, आजार नको, फक्त पुन्हा कोणत्या तारखेला विचारायचं तेवढं लिहायचं. वही कुलपात राहू दे आणि किल्ली तिच्याकडेच.